वाळूतला राब

खालापूर
१५ सप्टेंबर २०२४

सुरभे,

गणपती बसले, उठले, तुझी आठवण काढायला कुणाला सवड झाली नाय. तुझ्या वाटणीचे मोदक अक्षदानं खाल्ले आणि दोन दिवस पोट धरून बसली. धाकट्या भैणीला एवढंच शिकवून गेलीस वाटतं.

पत्र बघून चमकशील. फोन करते तर तुझा बाप स्पीकर लावून मधे बसतो. मी एक बोलते, तो तीन बोलतो. म्हणून लिहिते. दुसरीपर्यंत शाळा झाली माझी, तेवढ्यात जेवढं बसतं तेवढं वाच. हसलीस तर पुढचं पत्र येणार नाय. हे पत्र छाया टपालात टाकील. तू उत्तर तिच्याच शिवणाच्या दुकानावर धाड, ती मला ब्लाउजांच्या घडीत घालून आणून देईल. तुझ्या बापाच्या, येसाजीच्या हाती लागायला नको.

अक्षदानं मोबाइलवर तुझी बाग दाखवली. बाग म्हणे. वाळूत खराटे रोवलेत. शेतकी शिकलेली पोर म्हणून कंपनीनं तुला एवढ्या लांब राजस्थानात नेली, त्यांच्या विश्रामगृहाच्या फाटकाशी झाडं लावून वाळू अडवायला, आणि तू खराटे रोवतेस. नाव काय तर फोग. पान नाय, सावली नाय, कमरेच्या वर जायचं नाय. बकरीनं तरी तोंड लावलं काय त्याला?

आता कामाचं. नारळी पुनवेला तू निघालीस तेव्हा तुझा बाप चार माणसांदेखत काय बोलला ते ध्यानात ठेव. गुढीपाडव्यापर्यंत तिची झाडं उभी राहिली तर राहू दे तिला तिकडं. मेली तर गुमान माघारी यायचं आणि मी सांगेन तिथं लगीन करायचं. एवढं त्याच्या तोंडून वदवायला माझा घसा बसला होता. मोठ्या मनानं कबूल केलं असं समजू नको. वाळूत काय उगवत नाय, अशी त्याची खात्री होती. फोटो बघितल्यापासून माझीबी झालीय.

तर राब भाज. वाफ्यावर शेण पसर, त्यावर पाला-टहाळ, त्यावर पेंढा, वर थोडी माती टाक, आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटव. जमीन भाजली की बांध घाल, पाणी उभं कर. आपल्याकडं भाताचं रोप असंच होतं. भात होतो तर तुझ्या खराट्याला काय धाड भरलीय.

आजी


फतेहगढ, जि. जैसलमेर
२८ सप्टेंबर २०२४

आजी,

पत्र वाचलं. हसले नाही. ब्लाउजांवर थोडी हसले, ते माफ कर.

राब भाजणार नाही. आमचे पुरोहित साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले की या झुडपाला खत सोसत नाही आणि पाणी तर त्याहून सोसत नाही. लावताना एकदा द्यायचं, मग अधूनमधून रोपाला तांब्याभर. तहान लागली की मूळ खाली खाली जातं, आणि खाली गेलेलं मूळच वाळू धरून ठेवतं. वर ते बुटकंच राहतं, गच्च आणि बुटकं. तसंच हवंय आम्हाला. खराटा दिसतो हे खरं आहे, पण इथल्या बायका त्याच्या कळ्या दह्यात घालून खातात, आणि बकरी तर सोडतच नाही. म्हणून कुंपण आधी घातलं.

फाटकाची डावी बाजू साहेबांच्या सांगण्याप्रमाणे लावून झाली. उजव्या बाजूची रोपं दिवाळीच्या सुमारास येतील.

इथे सगळं लांब आहे. दुकान लांब, डॉक्टर लांब, बोलणारं माणूस लांब. संध्याकाळी वाळू गार पडते तेव्हा मी फाटकाशी जाऊन बसते. मला इथून परत यायचं नाही, आजी. का, ते नीट सांगता येत नाही. इथे सकाळी उठल्यावर दिवस माझा असतो, एवढंच.

तर कृपा कर आणि भात आणि फोग एक समजू नकोस.

सुरभी


खालापूर
१४ ऑक्टोबर २०२४

सुरभे,

तांब्याभर पाणी आपल्याकडं पाहुण्याला पाय धुवायला देतात. त्यावर झाड जगवणारा तुझा साहेब कोणत्या घरचा हाय ते विचार. त्यानं आयुष्यात एक तरी रोप आपल्या हातानं चिखलात खोवलंय काय? मी भाताच्या आवणीच्या दिवसात वाकले की सांजेला सरळ व्हायचे. माझ्या हातचं रोप मेलं नाय कधी.

काल परत फोटो बघितला. डावीकडं जी बारकी पानं होती ती पण गळालीत. त्याला तू काय म्हणतेस मला ठाव नाय, आमी त्याला मेलं म्हणतो. येसाजीनं पण बघितला. नुसता हसला. तो हसला की मला धडकी भरते.

आता ऐक. दसऱ्याला कर्जतच्या अंगाची माणसं येऊन गेली. पोराचं नाव ऋतिक. स्वतःचा जेसीबी हाय, मुंबईवाल्यांच्या फार्महाऊसचे खड्डे खणतो. पोरगा वाईट नाय. हीच तर पंचाईत. वाईट असता तर मी दारातनंच घालवला असता. मान खाली घालून पोहे खाल्ले, ताटली स्वतः उचलून मोरीत ठेवली. त्याची आई म्हणाली, आमच्यात सुनेला बाहेर कामाला जायची गरज पडत नाय. गरज पडत नाय म्हणजे जायचं नाय, हे मला दुसऱ्यानं समजवायला नको. मी त्या वाटेनंच आलेय.

तुझ्या बापाला माणसं पसंत हायत. पाडव्याची वाट बघतोय.

उजवीकडची जमीन अजून मोकळी हाय ना? मग साहेबाची वही बंद कर आणि राब भाज. माझ्यासाठी नको, तुझा दिवस तुझा ऱ्हावा म्हणून भाज.

आजी


फतेहगढ
१० नोव्हेंबर २०२४

आजी,

भाजला.

साहेब दिवाळीला जोधपूरला गेले होते. डावी बाजू बघून मी रोज रडकुंडीला येत होते. काड्या, नुसत्या काड्या. नखानं साल खरवडून आत हिरवं आहे का ते बघायचे, आणि खरवडून खरवडून दोन झाडं मीच मारली. मग तुझं पत्र आलं.

पाला इथे नाही. मेंढ्यांच्या लेंड्या आणल्या, बाजरीची वाळलेली ताटं आणली, आणि उजवी बाजू तू म्हणालीस तशी भाजली. धूर एवढा झाला की पहारेकरी सगळं विश्रामगृह पेटलं समजून बादली घेऊन धावला. आटलेल्या तळ्यातली चिकण माती आणून बांध घातला. हिरवळीच्या नळाचा पाइप ओढून पाणी सोडलं. वाळूत पाणी उभं राहत नाही, आजी, पण त्या मातीमुळे राहिलं. ते बघून मला घरी आल्यासारखं वाटलं.

रोपं लावून फार दिवस झाले नाहीत आणि ती हिरवीगार झालीत. डावीकडच्यांच्या दुप्पट. साहेब आले, उजवीकडे बघून म्हणाले, ही रोपं चांगली निघाली. मी राबाचं काही बोलले नाही.

बाबांना उजवीकडचाच फोटो पाठवते.

सुरभी


खालापूर
२ डिसेंबर २०२४

सुरभे,

फोटो आला. येसाजीच्या हातातनं मोबाइल काढून घेतला मी, म्हणलं परत बघ, चष्मा लावून बघ. तो म्हणाला, हिरवी दिसतात खरी. त्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय ते तुला ठाव हाय.

मी सगळ्या गावाला सांगितलं. छायाच्या दुकानात सांगितलं, दळणाला गेले तिथं सांगितलं. टोलनाक्याला वडापावची गाडी लावते त्या वनितानं विचारलं, वाळवंटात भात लावला काय तुझ्या नातीनं? म्हणलं भात नाय, पण लावला असता तर तोबी आला असता.

आणि जेसीबीवाल्यांना नाय म्हणून कळवलं. येसाजीला न विचारता. छायाच्या फोनवरनं त्या बाईला सांगितलं की पोरीचं तिकडं बस्तान बसलंय, तुमी दुसरीकडं बघा. येसाजीला कळलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलला नाय. साजगावला कारखान्यात जायचा आणि यायचा, जेवायला वाढलं तर ताटाशी बोलायचा. मी पण ताटाशीच बोलले. बघितलीस झाडं, म्हणलं, आता काय राहिलंय बघायचं?

पाणी तोडू नको. साहेब काय पण सांगू दे, हिरव्या झाडाचं पाणी तोडायचं नसतं. बांधाला घूस लागली तर बुजव. तिकडं घूस असते काय?

आणि फार ऐटीत येऊ नको. राब माझा हाय.

आजी


खालापूर
२२ जानेवारी २०२५

सुरभे,

पत्राला उत्तर नाय. संक्रांतीचा तिळगूळ धाडला, तो पोचला म्हणून फोनवर बापाला सांगितलंस, मला एक ओळ नाय. फोनवर विचारलं झाडं कशी हायत, तर म्हणतेस सगळं बरं आहे. सगळं बरं असलेलं माणूस असं बोलत नाय. कुणी पोरगा भेटला असेल तर तसं सांग, मला त्याचं काय वाटायचं नाय. साहेबाच्या तोंडावर काय बोलली असशील तर तेबी सांग. पण गप बसू नको. गप बसणाऱ्या माणसाला मी काय शिव्या देऊ?

फोटो पण येत नाय. येसाजी रोज मोबाइल उघडून बघतो आणि मग माझ्याकडं बघतो.

आजी


फतेहगढ
५ मार्च २०२५

आजी,

उजवी बाजू गेली.

आधी वाळवी आली. इथल्या कोरड्या जमिनीत वाळवी अशीच उपाशी असते, आणि आपण तिला लेंड्या आणि अर्धवट जळलेली ताटं वाढून ठेवली होती. मी औषध मारलं. त्यातनं जी वाचली ती गेल्या आठवड्यात वाऱ्यानं आडवी केली. एका दुपारी वादळ आलं, तासाभरात गेलं, आणि उजवीकडची सगळी झाडं जमिनीवर निजलेली. मी एक उचललं तर हातात सबंध आलं. मूळ हाताच्या पंज्याएवढं. खाली गेलंच नव्हतं. कशाला जाईल, वरच पाणी मिळत होतं रोज.

डावीकडची काडी मी दोन्ही हातांनी ओढून बघितली. हलली नाही. त्यांना आता कळ्या आल्यात.

डिसेंबरपासूनच काहीतरी बिघडलंय हे दिसत होतं. तुला लिहायला बसायचे आणि तुझं डिसेंबरचं पत्र समोर यायचं, गावभर सांगितलंस ते. त्या लोकांना नाही म्हणून कळवलंस ते. मी कागद फाडायचे.

मी तुझ्यावर चिडले आहे, आजी. तू आठशे मैलांवरनं मला पाणी घालायला लावलंस. आणि मी शिकलेली असून घातलं, म्हणून स्वतःवर त्याहून चिडले आहे. साहेबांना अजून वाटतंय रोपं वाईट निघाली. पाडवा महिन्याच्या शेवटी आहे. अर्धी बाग मेली म्हणजे बाबांच्या लेखी मेलीच.

सुरभी


खालापूर
१४ मार्च २०२५

सुरभे,

होळीच्या दिवशी पत्र मिळालं. पुरण शिजवत होते, करपलं. तुझ्यामुळं करपलं असं नाय म्हणत, पण करपलं.

माझ्यावर चिडायचं असेल तर चीड. मी काय तिथं येऊन पाइप धरला नव्हता. आणि हे कसलं झाड गं, शेण दिलं तर मरतं, पाणी दिलं तर मरतं? उपाशी ठेवलं की फुलतं. अशी सासुरवाशीण असते, झाड नसतं. मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं की दुनियेत असलं पण काय असतं.

मुळाचं तू लिहिलंस ते मी परत परत वाचलं. पंज्याएवढं. आपल्या भाताचं तेवढंच असतं, आणि तेवढ्यावर तो घर भरतो.

असो. आता रडून उपयोग नाय. साहेबाला रोपं वाईट वाटतात तर वाटू दे. आपण होऊन कशाला सांगायचं? आणि बापाला डावीकडचा फोटो धाड. मोबाइल आडवा धर, उभा धर, उजवं अंग येऊ देऊ नको. तो तिकडं बघायला येत नाय. पाडवा एकदा जाऊ दे.

एवढं तरी माझं ऐक.

आजी


फतेहगढ
२१ मार्च २०२५

आजी,

नाही ऐकलं.

परवा साहेबांना सांगितलं. सगळं, धुरापासून वाळवीपर्यंत. ते रोपवाटिकेवाल्याशी भांडायला निघाले होते, मग मला गप बसवेना. त्यांनी उजवीकडचं एक आडवं झाड उचलून मूळ बघितलं. मग म्हणाले, आणखी एक वर्ष उमेदवारीवर राहा, उजवी बाजू पुन्हा लाव, या वेळी माझ्या पद्धतीनं. काढलं नाही आणि कायमही केलं नाही. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

पाडव्याला मी बाबांना फोन करणार आहे आणि खरं सांगणार आहे. फोटो आडवा धरून वर्षभर राहता येईल, पण मग सकाळी उठल्यावर दिवस माझा राहणार नाही. ते परत ये म्हणाले तर मी येणार नाही असंही म्हणेन, पण मग त्यांच्याशी कायमचं तुटेल आणि तुझं घरात काय होईल ते मला माहीत आहे.

राब तुझ्या सांगण्यावरनं भाजला हे सांगणार नाही. काळजी करू नकोस. पत्रांचंही बोलणार नाही.

सुरभी


खालापूर
२ एप्रिल २०२५

सुरभे,

तुझा फोन आला तेव्हा आमी जेवायला बसलो होतो ते तुला आवाजावरनं कळलंच असेल. स्पीकर लावलेला. तू म्हणालीस, बाबा, उजवी बाजू मेली, चूक माझी. फोन ठेवलास तेव्हा अक्षदाचा घास हातातच होता.

येसाजी ओरडला नाय. मला वाटलं होतं ओरडेल. शांतपणे भाताला आमटी घेतली आणि म्हणाला, मी दिलेला शब्द मी पाळला, आता तिनं पाळायचा. कर्जतची माणसं अजून थांबलीत, मी मागनं जाऊन विचारून ठेवलंय. आईनं नाय म्हणून सांगितलं, मी परत हो सांगीन. स्वप्नीलकडनं तिचं माघारीचं तिकीट काढून घेतो. स्वप्नील म्हणजे त्याच्या कारखान्यातला, तिकिटं काढून देतो तो.

तू म्हणाली होतीस माझं नाव घेणार नाय. नाय घेतलंस. बरं केलंस काय वाईट केलंस, मला ठाव नाय, पण ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हातारी झाले म्हणून काय नातीनं मला पदराखाली घ्यायचं?

मी म्हणलं, येसाजी, उजवीकडं राब कुणी भाजायला लावला?

तो म्हणाला, तिनंच सांगितलं ना, चूक तिची.

म्हणलं, राब माझा. शेण माझं, बांध माझा, पाणी माझं. गेल्या गणपतीपासनं तिला पत्रं लिहितेय मी, छायाच्या दुकानातनं. ती नको नको म्हणत होती, मी तिच्या मानेवर बसून भाजायला लावला.

त्यानं घास खाली ठेवला. म्हणाला, तुला लिहिता येतं? बघ आता. एवढी बाग मेली, त्याचं काय नाय, आईला लिहिता येतं याचंच नवल. त्याला पन्नाशी आली तरी ठाव नाय.

मी म्हणलं, ते राहू दे. डावी बाजू तिनं लावली. ती उभी हाय, कळ्या आल्यात, ओढून बघितलं तर हलत नाय. उजवी माझी. ती मेली. तुझा शब्द काय होता? जिची झाडं मरतील तिनं गुमान माघारी यायचं आणि तू सांगशील तिथं लगीन करायचं. मी माघारी यायचा सवाल नाय, मी इथंच हाय. त्या जेसीबीवाल्याला विचार, चालते काय.

अक्षदाला ठसका लागला, आमटी नाकातनं आली. येसाजी हसला नाय. हात धुतला आणि ओटीवर जाऊन बसला, तिथंच सुपारी कातरत राहिला, खात नव्हता, नुसती कातरत होता. मी भांडी घासली. मुद्दाम आपटून घासली.

चहाच्या वक्ताला आत आला आणि म्हणाला, तिकडं दवाखाना लांब हाय म्हणते ती, मग आजारी पडली तर कोण बघतं? म्हणलं, मला काय ठाव, तूच विचार, तुझ्याजवळ फोन हाय. मग म्हणाला, त्या फोगाचं एखादं रोप आपल्या दारात लागंल काय? म्हणलं, आपल्या पावसात कुजून जाईल, त्याला उपाशीच ऱ्हायचं असतं. तो म्हणाला, तुला हे आत्ता कळलं? मी चहा त्याच्यापुढं ठेवला आणि आत निघून आले. आपल्याच पोराला मी कशाला जबाब देऊ?

तिकीट काढलेलं नाय. स्वप्नीलला मी छायाकरवी विचारून घेतलं. पण बाप हो म्हणाला असं समजू नको. तो हो म्हणायचा नाय, तुझ्या आज्यावर गेलाय. त्यांच्यात नाय म्हणायचं थांबले की तेच हो धरायचं आणि कामाला लागायचं. मी जन्मभर तेच केलं, डोकं पिकलं माझं त्यात.

तू उजवी बाजू परत लाव. साहेब सांगेल तशी लाव. मला विचारू नको, आणि मी न विचारता काय लिहिलं तर ते करू नको.

आजी